लिनक्सचें वितरण कसें निवडावें?

ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० चा नियमित आधार संपल्यापासून घरचा जुना संगणक टाकावा कीं ठेवावा, असा प्रश्न कित्येक पालकांपुढें आहे. अशा संगणकास लिनक्स बहुधा मानवतें.

लिनक्स हें नांव वस्तुतः कार्यप्रणालीच्या गाभ्याचें. हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असतां लिनस टोरवाल्ड्स यांनीं तो १९९१ सालीं प्रसिद्ध केला. नुसत्या गाभ्यावर साधें पत्रही लिहितां येत नाहीं. त्याभोंवतीं इतर सॉफ्टवेअर जुळवून जो संच करितात, त्यास वितरण म्हणतात. हीं वितरणें शेंकडों आहेत, बहुतेक विनामूल्य आहेत, आणि म्हणूनच मुलांस मोह आवरत नाहीं.

नवशिक्यास आम्ही लिनक्स मिंट किंवा उबुंटू सुचवितों. पेनड्राइव्हवरून तीं आधीं चालवून पाहतां येतात. प्रिंटर, वाय-फाय, देवनागरी टंकलेखन यांची परीक्षा तेथेंच होते, व डिस्कवरील कागदपत्रांस धक्का लागत नाहीं. (पालकांनीं त्या वेळीं शेजारीं बसावें.) उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ति दर दोन वर्षांनीं एप्रिलमध्यें निघते व तीस पांच वर्षें सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात.

वर्ष-दोन वर्षें लोटलीं, कीं मुलास आर्च खुणावूं लागतें. आर्चला ठराविक आवृत्त्या नाहींत; नवें तें सतत येत राहतें, आणि तें बसवितांना बहुतेक आज्ञा स्वतः टंकाव्या लागतात. यंत्र मुळापासून कसें उभें राहतें, हें त्यांत डोळ्यांदेखत कळतें. त्या दृष्टीनें आर्च हा उत्तम गुरु होय. मात्र अद्ययावत् करण्यापूर्वीं त्याच्या संकेतस्थळावरील सूचना वाचाव्या लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्या न वाचतां अद्ययावत् केलें व यंत्र उठलें नाहीं, तर दोष आर्चचा नव्हे! हा प्रयोग दुसऱ्या संगणकावर किंवा आभासी यंत्रांत करावा.

अनुभव वाढला म्हणजे अवघड वितरणाकडे गेलेंच पाहिजे, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. १९९३ सालीं आरंभ झालेलें डेबियन संथपणें बदलतें, आणि अनेक जाणते लोक सर्व्हरसाठीं तेंच पसंत करितात. खुद्द टोरवाल्ड्स यांनीं अनेक वर्षें फेडोरा वापरलें. वितरण बसविण्यास सोपें असावें, असें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें आहे. अनुभवी माणसास आपली गरज नेमकी सांगतां येते, एवढाच काय तो फरक. नवें ग्राफिक कार्ड जुन्या गाभ्यास ओळखतां येत नसेल, तर फेडोरा घ्यावें; रॅम अवघी २ जीबी असेल, तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप असलेलें वितरण पाहावें. मात्र बदलण्यापूर्वीं कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर एकदां उघडून पाहावी.