'किती'चं 'कथी' होतं तेव्हा

माझा कीबोर्ड इंग्रजीत शहाण्यासारखा वागायचा आणि मराठी सुरू केलं की बिनसायचा. 'किती' टाइप केलं की कधी 'कती' उमटायचं, कधी 'कथी'. 'पक्का' लिहायला जावं तर मधेच लिंक जोडायची खिडकी उघडायची. विक्रेत्याने फोनवरच निदान केलं : स्विच गेलाय, नसेल तर फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतला प्रोग्रॅम, पुन्हा टाका. यातला दुसरा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. तो शेवटी ऐकायचा, आधी नाही. नवं फर्मवेअर टाकताना तुम्ही हौसेने बसवलेली सगळी मांडणी पुसली जाऊ शकते आणि मूळ दुखणं आहे तिथंच राहतं.

आधी एवढंच विचारायचं, की बिघाड एकाच भाषेत दिसतोय का? कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. 'एफ'च्या बटणाचा क्रमांक पोचला की इंग्रजीत एफ उमटवायचा की मराठीत पहिली वेलांटी, हे विंडोज किंवा लिनक्स ठरवतं. (मी इनस्क्रिप्टबद्दल बोलतोय. भारतीय मानक ब्युरोने 1991 साली प्रमाण म्हणून स्वीकारलेली ती मांडणी.) स्विचला भाषा कळत नाही. तो खराब असेल तर दोन्हीकडे सारखाच दगा देईल. त्याच संगणकाला एखादा साधा कीबोर्ड लावून बघा. त्यावर मराठी नीट उमटलं तर संगणकही निर्दोष. मग उरतं ते तुमच्या कीबोर्डमधलं प्रोग्रॅमिंग.

माझ्याकडे मधल्या ओळीतल्या बटणांना दुहेरी काम दिलेलं होतं. प्रोग्रॅम करता येणारे कीबोर्ड वापरणाऱ्यांमध्ये ही फॅशनच आहे : 'एफ' टिचकीसारखा दाबला तर अक्षर, दाबून धरला तर शिफ्ट; 'डी' दाबून धरला तर कंट्रोल. टिचकी कुठली आणि धरणं कुठलं, हे बटण किती वेळ दाबलं यावर ठरतं. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये ती मर्यादा मुळात 200 मिलिसेकंदांची असते. इंग्रजीत माझी बोटं पळतात, म्हणून कधी अडलं नाही. मराठीत पुढचं अक्षर शोधताना बोट जरा रेंगाळतं. 'एफ'वर ते रेंगाळलं आणि तसंच उचललं, तर कीबोर्डच्या लेखी नुसती शिफ्ट दाबून सोडली. वेलांटी गायब, 'कती' तयार. ते न उचलताच 'त'साठी 'एल' दाबला तर शिफ्टसह 'एल', म्हणजे 'थ'. झालं 'कथी'. इनस्क्रिप्टमध्ये हलंत 'डी'वर असतो आणि 'क' 'के'वर, म्हणून 'पक्का'मधल्या जोडाक्षराला कंट्रोल-के जायचं आणि वर्ड लिंक विचारायचा. मराठीत जोडाक्षरं पावलोपावली, त्यामुळे या दुहेरी कामाचा जाच आपल्याला जास्त.

ही मर्यादा 250-300 पर्यंत वाढवली की त्रास कमी होतो. व्हायल आणि व्हाया ही कीबोर्डची मांडणी बदलायची अ‍ॅप. व्हायल वापरत असाल तर ही मर्यादा तिथल्या तिथे बदलता येते. व्हायावाल्यांना सहसा फर्मवेअर नव्याने बांधून घ्यावं लागतं. पण माझ्या मते ही मलमपट्टी आहे. मराठीसाठी साध्या, एकेरी कामाच्या बटणांचा वेगळा लेअर (त्याच बटणांवरची दुसरी मांडणी) ठेवणं उत्तम, आणि ते व्हायामध्येही जमतं.

बिघाड दोन्ही भाषांत असेल तर मात्र पाना-पक्कड काढा. एकच बटण मेलं असेल आणि स्विच काढता-घालता येत असतील, तर शेजारचा स्विच तिथे लावून बघा. दोष स्विचबरोबर हलला तर स्विच खराब. जागेवरच राहिला तर सॉकेट, डायोड किंवा सोल्डर तपासा. नव्या स्विचची पिन आत जाताना दुमडणं हे तर नेहमीचंच. अख्खी आडवी किंवा उभी ओळ गेली असेल तर स्विचच्या नादी लागू नका. त्या ओळीचा कंट्रोलरशी असलेला जोड सुटलेला असतो. कीबोर्ड मुळीच ओळखला जात नसेल तर आधी केबल बदला, नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबली घरोघरी पडलेल्या असतात. दोन तुकड्यांचा कीबोर्ड हेडफोनसारख्या वायरने जोडलेला असेल, तर यूएसबी लावलेलं असताना ती वायर काढू-घालू नका. पिन आत सरकताना शॉर्ट होऊन कंट्रोलर जळू शकतो.

फर्मवेअर टाकायची वेळ आलीच, तर मांडणीची फाइल आधी जतन करून ठेवा. आणि तुमच्याच मॉडेलचं फर्मवेअर आहे ना, हे नुसत्या नावावरून नाही तर कीबोर्डच्या आवृत्तीवरूनही पडताळा. अनेक कीबोर्डांत एस्केप दाबून केबल लावली की तो फर्मवेअर घ्यायच्या अवस्थेत जातो, पण त्याच वेळी आतली मांडणीही पुसतो. उगाच प्रयोग म्हणून हे करू नये.

मराठीचा लेअर केल्यावर एक कटकट उरते. संगणकाची भाषा बदलली हे कीबोर्डला कळत नाही, त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळं बदलावं लागतं. मॅक्रोंचंही तेच : इंग्रजी हॅलोची मॅक्रो मराठी चालू असताना दाबली की 'पाततद' उमटतं. क्यूएमकेमध्ये चार ओळी लिहून एकाच बटणाला भाषा बदलणारं विंडोज-स्पेस आणि लेअर बदलणं, दोन्ही कामं देता येतात. तरी माउसने भाषा बदलली की दोघांची चुकामूक होतेच. म्हणून फक्त लेअर बदलणारं एक बटण वेगळं राखून ठेवा. मी त्यासाठी स्क्रोल लॉक वापरतो, नाहीतरी त्याला दुसरं काम नसतं.