गर्भवती आणि बेंबीतील बाळी

कर्णवेध हा आपल्याकडे संस्कार मानला गेला आहे. नाक टोचण्याची प्रथाही जुनी आहे. बेंबी टोचून तीत बाळी घालण्याची रीत मात्र अलीकडची. प्रसूतिपूर्व तपासणीस येणाऱ्या काही तरुण महिलांत ती आढळते, परंतु नोंदणीच्या वेळी सांगितली जात नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सूनबाईंनी ते सांगावे तरी कसे? म्हणून या विषयाची सर्वसाधारण माहिती येथे देत आहोत. प्रत्यक्ष निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

प्रथम एक भीती दूर करावयास हवी. हे छिद्र आईच्या त्वचेत असते. गर्भाशयाशी वा बाळाच्या नाळेशी त्याचा संबंध नसतो. जखम पूर्ण बरी झालेली असून त्रास नसेल, तर बाळी तात्काळ काढलीच पाहिजे असे नाही. तथापि कानाच्या पाळीची जखम साधारणतः 6 ते 8 आठवड्यांत सुकते, तर बेंबीस 6 महिने ते 1 वर्ष लागते. कारण तेथे घाम साचतो आणि कपड्यांचे घर्षण चालूच राहते. छिद्र नवे असल्यास डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणात नव्याने टोचून घेणे सर्वथा टाळावे. अस्वच्छ सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही यांचा संसर्ग संभवतो.

पोट वाढू लागले की त्वचा ताणली जाते आणि बाळी साडीच्या निऱ्यांत वा सलवारीच्या नाडीत अडकते. अशा वेळी ती काढून ठेवावी. छिद्र बुजू नये अशी इच्छा असल्यास पीटीएफईची लवचिक दांडी मिळते. भांड्यांवरील टेफ्लॉनचा थर याच पदार्थाचा असतो. लाली, सूज, पू वा ताप दिसल्यास मात्र बाळी स्वतः काढू नये. वरचे तोंड मिटून पू आत कोंडला जाऊ शकतो. हळद, तेल वगैरे घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे यावे.

खरा प्रश्न उद्भवतो तो सिझेरियनच्या वेळी. रक्तस्राव थांबविण्यासाठी डायथर्मी हे विद्युत उपकरण वापरतात. अंगावरील धातूमुळे त्या जागी त्वचा भाजण्याचा धोका असतो. शिवाय पोट जंतुनाशकाने स्वच्छ करताना बाळीखालील खाच नीट पुसली जात नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेत एकेक मिनिट मोलाचे असते. घट्ट बसलेली फिरकी सोडविण्यात ते खर्ची पडू नये. सबब आठवा महिना सरण्यापूर्वीच बाळी निघते की नाही, हे पाहून घ्यावे. न निघाल्यास परिचारिकेस सांगावे. हाच नियम जोडवी व बांगड्यांनाही लागू आहे. शेवटच्या महिन्यांत हातापायांस सूज आल्यावर त्या निघता निघत नाहीत.

यापुढे नोंदणीच्या वेळी हा प्रश्न तपासणीच्या खोलीत, महिला एकटी असतानाच विचारला जाईल. उत्तर केसपेपरवर लिहिले जाईल, नातेवाइकांस सांगितले जाणार नाही. दाखल होताना उतरविलेला डाग, मग तो मंगळसूत्र असो वा चार आण्याची बाळी, दोन परिचारिकांच्या सहीने नोंदवहीत चढेल व त्याची पावती खुद्द रुग्णास मिळेल.

सिझेरियननंतर टाक्यांची जखम भरून डॉक्टरांनी अनुमती दिल्यावरच बाळी पुन्हा घालावी. छिद्र आकसले असल्यास ती बळेच घुसवू नये.