थोरल्याचा मान

कंग्राळीच्या घरोघरी बेंदराला मातीचे बैल येतात. दोन वर्षांचे बाळ दादाचा बैल ओढते, तेव्हा ‘तू मोठा ना? देऊन टाक,’ असे म्हणून आपण थोरल्यास गप्प करतो. परंतु पाच वर्षांचा दादा हाही बालकच होय. बाळास ‘माझे-तुझे’ अद्याप उमगत नाही. दादास अन्याय मात्र पुरता उमगतो. त्या अढीतूनच पुढे भाऊबंदकी अंकुरते.

निवृत्तिनाथांचा जन्म परंपरेने १२७३ चा, ज्ञानदेवांचा १२७५ चा. अंतर अवघे दोन वर्षांचे. तरी ज्ञानदेवांनी थोरल्या बंधूसच गुरू मानिले. थोरपणाबरोबर मानही यावा. यास्तव दादाची वस्तू प्रथम दादास परत करावी, बाळास दुसरे खेळणे द्यावे. आणि घरी प्रसाद वाटताना बाळाचा वाटा दादाच्याच हातून द्यावा. स्वहस्ते देता देता देण्याची गोडी लागते.