नातू आमचा, कोर्टात बघून घेऊ

नवरा गप्प आहे. बोलतात ते मामा, म्हणजे माझे सासरे, जालन्याहून. "पोरगं आमच्या वंशाचं. तू दिवसभर नोकरीवर, ते शेजाऱ्यांच्या दारात. ताबा घेऊनच दाखवतो." घटस्फोट झालेला नाही, मी मुलाला घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत वेगळी राहते. या धमक्यांतून जे कळलं ते असं.

१. धमकी वेगळी, अर्ज वेगळा. नुसत्या फोनवरच्या बोलण्याने ताबा जात नाही. आजोबांना अर्ज करता येतो, १८९० चा पालक व पाल्य कायदा त्यांना अडवत नाही. पण आईबाप हयात आणि सांभाळायला धडधाकट असले तर आजी-आजोबांचा नंबर मागेच लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ७४ वर्षांच्या आजीला नातू त्याच्या आईबापाकडे द्यायला सांगितलं. लळा आहे म्हणून ताब्याचा हक्क मिळत नाही, असं म्हटलं. आजी-आजोबांना ताबा मिळाल्याचे निकालही आहेत, पण तिथली परिस्थिती वेगळी होती. कुठे आई गेलेली आणि तिच्या मृत्यूवरून बापावरच खटला, कुठे दोघंही कोरोनात गेलेले.

२. पाचवं वर्ष. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. २०१५ मध्ये गोव्यातल्या एका तान्ह्या मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आई नालायक आहे हे बापाने सिद्ध करावं. आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करत बसायचं नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा. "पाच झाली की आईचा हक्क संपला" असं मामांना कुणीतरी भरवून दिलंय. तसं काही नसतं. त्यानंतरही कोर्ट पाहतं ते मुलाचं हित. आमच्या इमारतीतल्या एका मुस्लिम ताईंनी विचारलं म्हणून सांगते: हनफी कायद्यात मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, आणि आईनंतर पहिला मान आईच्या आईचा.

३. कागद जपा. ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालतो, त्यामुळे "जालन्याला खेचतो" हे पोकळ. मात्र मूल इथे राहतं हे दिसायला हवं: बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, भाडेकरार. मी वकीलबाईंकडे पगाराच्या स्लिपा घेऊन गेले होते. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि शाळेची डायरी मागितली. 'पाण्याची बाटली विसरला', 'नखं वाढली आहेत', 'पाढे पाठ नाहीत', प्रत्येक शेऱ्याखाली सही माझी. "ताई, आधी याची झेरॉक्स काढा."

४. वकिलाची फी नाही म्हणून घाबरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

५. परस्पर नेलं तर? शाळेला आधीच लेखी द्या, मुलाला कुणाच्या हाती सोडायचं. नेलंच तर पोलिसांत लेखी तक्रार करा. बापाच्या संमतीने नेलं असेल तर बहुधा "घरचा मामला" ऐकावं लागतं, आणि मग जालना रोडवरचं उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, हेबिअस कॉर्पससाठी, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या अर्जासाठी. छळाची तक्रार असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटही तात्पुरता ताबा देऊ शकतात.

६. भेट तोडू नका. हे मला सगळ्यात जड गेलं. आंध्रातल्या एका बाईचा नवरा वारला, तिने दुसरं लग्न केलं. सासू-सासऱ्यांनी नातवाचं पालकत्व मागितलं. ते मिळालं नाही, भेटीचा हक्क मिळाला. पुढे वाद मुलाच्या आडनावावर आला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार आईचाच ठरवला. म्हणजे आजी-आजोबा ताब्यात हरले तरी नात्यातून बाद होत नाहीत, आणि नातवाला भेटूच न देणारी आई कोर्टात आडमुठी दिसते. मी रविवारी सिद्धार्थ उद्यानात भेट ठरवते. निरोप फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर, तारीख-वेळ घालून. मामा उत्तर देत नाहीत, पण वाचतात. निळ्या खुणा येतात. वकीलबाई त्याचाही स्क्रीनशॉट मागतात.