धूळपाटी

पूर्वी शाळेत कागद सहज मिळत नसे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरत आणि मुले तिच्यावर बोटाने अक्षरे गिरवीत. अक्षर चुकले, की हात फिरवून धूळ सारखी करायची आणि पुन्हा लिहायचे. हीच धूळपाटी.

आता हा शब्द संगणकावरही आला आहे. विकिपीडिया हा सर्वांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे खाते उघडणाऱ्या सदस्याला सरावासाठी स्वतःचे एक पान करता येते. त्या पानाला धूळपाटी म्हणतात.

समजा, तुम्ही वडाळ्याला राहता. तुम्हांला तेथील मिठाच्या सत्याग्रहावर लेख लिहायचा आहे. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. पुढे मे-जून महिन्यांत हजारो मुंबईकर वडाळ्याच्या मिठागरांवर चालून गेले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अनेकांना पकडले. तरी लोक मीठ उचलून नेत राहिले.

शेजारचे आजोबा म्हणाले, "हे १९३२ साली झाले." ग्रंथालयातल्या पुस्तकात मात्र १९३० आहे. तुम्ही काय कराल? घाईने चुकीचे साल छापले, तर दुसऱ्या गावची एखादी मुलगी तेच साल वहीत उतरवून घेईल. तिने तुमच्यावर विश्वास ठेवलेला असेल! म्हणून लेख आधी धूळपाटीवर लिहा. पुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी उतरवू नका. स्वतःच्या शब्दांत लिहा. कोणती माहिती कोठून घेतली, तेही नोंदवा. जाणकाराला लेख दाखवा. चुका दुरुस्त झाल्यावरच तो मुख्य ज्ञानकोशात न्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या धूळपाटीवरचे अक्षर पुसले, की नाहीसे होई. येथे मात्र प्रत्येक बदल पानाच्या 'इतिहासा'त राहतो आणि तो इतरांनाही दिसतो. म्हणून तेथे घरचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक कधीही लिहू नका.

कच्च्या लेखाला मराठीत 'मसुदा' म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतील 'मुसव्वदा' तो हाच! त्याचा मूळ अर्थ 'काळा केलेला', म्हणजे खाडाखोड केलेला कागद. स्वच्छ प्रतीला 'मुबय्यजा', म्हणजे 'पांढरा केलेला' म्हणत. आधी कागद काळा करावा, मगच पांढरा करावा, हे जुने लेखकही जाणत होते. खाडाखोडीची लाज बाळगू नका. न तपासता लिहिण्याची मात्र बाळगा.

स्वाध्याय
१. जुन्या आणि नव्या धूळपाटीत कोणता फरक आहे?
२. लेख मुख्य ज्ञानकोशात नेण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?
३. तुमच्या वस्तीतील एका जुन्या जागेविषयी आठ ओळींचा मसुदा वहीत लिहा.