इलोकोस नोर्ते प्रांत व तेथील पाण्याची वांटणी

फिलिपाइन्सचा नकाशा पुढें घ्या. लूझॉन बेटाच्या वायव्य कोपऱ्यांत आपणांस इलोकोस नोर्ते हा प्रांत दिसेल. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस डोंगर, आणि मधल्या सपाटीवर भात, लसूण व तंबाखू यांचीं शेतें, अशी त्याची ठेवण आहे.

इ. स. १८१८ मध्यें स्पॅनिश अमलांत जुन्या इलोकोस प्रांताचे दोन भाग झाले; त्यांतील उत्तरेकडील तो हा. लाओआग हें त्याचें मुख्य ठिकाण. प्रांतावर लोकांनीं निवडलेला गव्हर्नर असतो. त्याच्या हाताखालीं २ शहरें व २१ नगरपालिका येतात. कारभाराचा सर्वांत लहान घटक म्हणजे ‘बारांगाय’. त्याचा मुख्यही लोकच निवडतात.

पावसाळा सरला म्हणजे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत येथें पाऊस फारच थोडा पडतो. म्हणून शेतकऱ्यांनीं ‘सांहेरा’ नांवाचे पाटपाण्याचे संघ उभारिले. बाकारा-विंटार भागांत तर असे ९ संघ एकत्र आले आहेत. बांबू, केळीचीं पानें, वाळू व दगड यांचा बांध पुरांत वारंवार वाहून जाई, आणि सभासद आपल्या अंगमेहनतीनें तो पुन्हां घालीत.

वांटणीची रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पाटाच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या अंगास प्रत्येक सभासदाचा एकेक तुकडा असतो. पाणी अपुरें पडलें कीं शेवटचे तुकडे सर्वांचेच कोरडे राहतात. त्यामुळें एकाचें पीक भरभरून आलें व शेजारी उपाशी राहिला, असें घडत नाहीं. चांगला कारभार कशास म्हणावें, हें आपण या शेतांवरून शिकावें.