सागवानी सांगाडा

पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव. घाटावरील शहरांप्रमाणे येथेही लाकडी सांगाड्याचे वाडे बांधले गेले. अशा वाड्याचा मुख्य भार भिंती नव्हे, तर सांगाडा वाही. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, अशी ती रचना असे. विटा खांबांमधील पोकळी भरीत. म्हणून एखादी भिंत ढासळली तरी छप्पर उभे राही.

परंतु ज्या लाकडात वाड्याचे बळ, त्यातच त्याचे मरणही होते. पुण्याचा शनिवारवाडा पहा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याची पायाभरणी केली. १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील महाल भस्मसात झाले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली.

जोत्यांवरून दालनांची लांबी-रुंदी कळते. मजल्यांची उंची आणि खांबांवरील नक्षी कळत नाही. म्हणून मुलांनो, गावातील एखादा वाडा पाडला जाण्यापूर्वी त्याची मापे घ्या, आराखडा काढा, वडीलधाऱ्यांना दालनांची नावे विचारा. वास्तू गेली तरी तिचे ज्ञान उरावे, एवढे आपल्या हाती आहे.